इंटरनेटबंदीला आपला खारीचा वाटा

सरकारलाही व्याप असतातच. मोर्चा निघाला की रातोरात आदेश काढायचा, टेलिकॉम कंपन्यांना कामाला लावायचं, कोणती साइट अडवायची आणि कोणती सोडायची याच्या याद्या करायच्या, आणि वर पत्रकारांना सांगायचं की आम्ही काही बंद केलेलंच नाही. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये मंत्रिमहोदयांना तर डेटा सेंटर जळाल्याचं कारण पुढे करावं लागलं. एवढा गाडा एकट्याने ओढायचा म्हणजे दमछाक होणारच. तेव्हा लोकशाहीची चाड असलेल्या, चळवळींबद्दल कळवळा असलेल्या आणि फोन सदैव हातात असलेल्या तुमच्यासारख्यांनी थोडा हातभार लावायला हवा. परवा एका सद्गृहस्थांनी इराणी घरांसाठी चालवलेल्या, सेन्सॉर चुकवायच्या सर्व्हरची किल्ली हजारभर लोकांच्या ग्रुपवर टाकून तो इतका मनापासून लावला, की तेहरानच्या सेन्सॉरने त्यांना शाल-श्रीफळ द्यावं. सगळ्यांना एकदम तेवढी उंची गाठता येणार नाही, म्हणून थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी, आधीपासून काहीही करू नका. ॲप घ्यायचं ते बंदी आल्यावरच. इराणमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपच्या जोडीला गुगल प्लेही अडवलं गेलं. ते पुन्हा खुलं व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. म्हणजे ‘लागेल तेव्हा डाउनलोड करू’ म्हणणाऱ्यांना सव्वादोन वर्षं निवांत विचार करायला मिळाली. काही आगाऊ लोक मात्र तीन-चार वेगवेगळी साधनं आधीच फोनवर घेतात, एकेकदा चालवून बघतात, त्यांच्या एपीके (ॲप बसवायच्या) फायली मेमरी कार्डात ठेवतात आणि नेट गेलं की ब्लूटूथने शेजाऱ्याला देतात. ब्रायर नावाचं ॲप तर स्वतःच हॉटस्पॉट उघडून आपली प्रत समोरच्या फोनला देतं, आणि मग जवळपासच्या फोनांमध्ये ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून निरोप पोचवतं. पण तिथेही तुम्हाला वाव आहे. समोरासमोर बसून एकमेकांचे क्यूआर कोड स्कॅन करून संपर्क आधीच जोडून ठेवायचे असतात, ते जोडू नका. आणि फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग ब्रायरसाठी बंद करायची असते, ती चालूच राहू द्या. खिशात गेल्यावर थोड्याच वेळात फोन ते ॲप मारून टाकेल, आणि आपण ‘काय बेकार ॲप आहे’ म्हणायला मोकळे. आपल्या सरकारला मात्र ते बेकार वाटलं नाही. जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचं कारण देऊन मे २०२३ मध्ये १४ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ब्रायर होतं.

दुसरं म्हणजे ‘नेट बंद झालं? काळजी नको, व्हीपीएन लावा!’ हा संदेश दिसेल त्या ग्रुपवर ढकला. (व्हीपीएन म्हणजे तुमची वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारं साधन.) साइट अडवणं आणि नेटच बंद करणं यांतला फरक लोकांना कळता कामा नये. कळला तर ते योग्य वेळी योग्य साधन वापरतील.

कारण सेन्सॉर पायरी-पायरीने चढतो. सगळ्यात स्वस्त पायरी डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची: कंपनीचा सर्व्हर साइटचा खोटा पत्ता देतो किंवा देतच नाही. अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून एक खोडसाळ जागा आहे, तिथे दुसऱ्या कुणाच्या डीएनएसचं नाव घातलं की हा अडथळा बहुधा संपतो. पुढची पायरी: जोडणी सुरू होताना साइटचं नाव उघडंच जातं, ते वाचून जोडणी तोडायची. इथे डीएनएस बदलून भागत नाही, व्हीपीएन लागतं. त्याच्या वरची पायरी: व्हीपीएनच ओळखायचं. वायरगार्ड या लोकप्रिय व्हीपीएन पद्धतीचं पहिलं पाकीट (डेटाचा तुकडा) नेहमी १४८ बाइटचं आणि त्याचं उत्तर ९२ बाइटचं. इतक्या शिस्तीत चालणाऱ्याला पकडायला फार हुशारी लागत नाही. म्हणून इराण, रशिया आणि मे २०२४ नंतरच्या म्यानमारमध्ये साधं व्हीपीएन नुसतं चक्र फिरवत बसतं. तिथे लागतात ती वेश पालटून जाणारी साधनं: शॅडोसॉक्स, किंवा टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याचे ऑब्फ्स४ पूल (म्हणजे आत शिरायच्या, जाहीर यादीत नसलेल्या वाटा) आणि स्नोफ्लेक. आणि शेवटची पायरी म्हणजे तारच काढायची. जानेवारी २०११ च्या अखेरीस इजिप्तने काढली, १८ जुलै २०२४ च्या रात्री बांगलादेशने काढली. तिथे व्हीपीएन लावणं म्हणजे नळाला पाणी नसताना फिल्टर बदलत बसणं.

तारच काढल्यावर लोकांनी काय केलं, हेही कुणाला सांगू नका. इजिप्तमध्ये टेलिफोनच्या तारा चालू होत्या, म्हणून फ्रान्समधल्या एका संस्थेने डायल-अपचे नंबर खुले केले आणि लोकांनी माळ्यावरचे मोडेम काढले. म्यानमारमध्ये सीमेलगतच्या गावांत थायलंडची सिमकार्डं चालली. इराणमध्ये ‘तूशेह’ नावाची सोय निघाली: उपग्रह वाहिनीवर फायलींचा गठ्ठा सोडायचा, घरच्या डिशला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सवरून तो पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करायचा आणि नंतर उलगडायचा. त्यातून बाहेर काही पाठवता येत नाही, पण आत बातमी आणि व्हीपीएनच्या फायली येतात. सगळ्यांत खाली एसएमएस आणि साधा फोन उरतो. तो टेलिकॉम कंपनीच्या कानावरूनच जातो, म्हणून नावं, ठिकाणं, वेळा सविस्तर त्यावरच सांगा.

व्हीपीएन घ्यायचंच असेल तर शोधल्यावर सर्वांत वर येणारं, फुकट, अनलिमिटेड आणि तुमचे संपर्क नि लोकेशन मागणारं घ्या. सायफन, टॉर, प्रोटॉनचं फुकट खातं असली वर्षानुवर्षं तपासली गेलेली साधनं टाळा. आणि सर्व्हर भारतातलाच निवडा. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी (नेटवरचा पत्ता) आणि चक्क वापरण्याचं कारणसुद्धा पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं आहे. नॉर्ड, सर्फशार्क, एक्सप्रेस यांनी त्यापायी इथले सर्व्हर हलवले. उगीच घाबरले.

फोनला बोटाच्या ठशाचंच कुलूप ठेवा. बोट तुमच्या हाताला असतं आणि हात हवालदाराच्या हातात.

मोर्चाला जाताना फोन पूर्ण बंद करून चालू करू नका. तसं केलं की पिन टाकेपर्यंत आतला मजकूर सांकेतिक राहतो आणि तपासणाऱ्याला त्रास होतो.

व्हिडिओत चेहरे स्वच्छ यायला हवेत. सिग्नलमध्ये फोटोतले चेहरे धूसर करायची सोय २०२० पासून आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

नियोजन टेलिग्रामच्या मोठ्या ग्रुपवर करा. तिथल्या ग्रुपचे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद नसतात, ही गोष्ट हाँगकाँगपासून बेलारूसपर्यंत सगळ्यांना कळून चुकली, तुम्हालाही कळेल.

व्हीपीएनचं चिन्ह होम स्क्रीनवर पहिल्या ओळीत असू द्या. म्यानमारमध्ये नाक्यावर सैनिक फोन उघडायला लावतात आणि आधी तेच शोधतात. काश्मीरमध्येही हे झालं. तिथे ऑगस्ट २०१९ मध्ये नेट गेलं ते जानेवारी २०२० मध्ये टूजीच्या वेगाने आणि ठरावीक साइटींच्या यादीसह परतलं. यादी १५३ पासून सुरू झाली. सोशल मीडिया त्यात नव्हताच, म्हणून लोकांनी व्हीपीएन लावलं, आणि फेब्रुवारीत पोलिसांनी व्हीपीएनवरून सोशल मीडिया वापरणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ होतं, जे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलेलं. कायदा मेला तरी कलम चालतं, हे आपल्याकडचंच तंत्रज्ञान. फोरजी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

आता येऊ मुख्य कौशल्याकडे, म्हणजे किल्ली चव्हाट्यावर टांगणे.

पुण्यात शिकायला आलेल्या इराणी मुलामुलींच्या घरच्यांपुरता एक छोटा आउटलाइन सर्व्हर (आउटलाइन म्हणजे शॅडोसॉक्सवर चालणारं, स्वतः उभारायचं व्हीपीएन) चालवायचा, यात काही अवघड नाही. संगणकावर आउटलाइन मॅनेजर घ्यायचं, महिना पाच-सहा डॉलरचा भाड्याचा सर्व्हर परदेशात घ्यायचा, काही मिनिटांत तो उभा राहतो. मग प्रत्येक घराला वेगळी किल्ली. किल्ली म्हणजे ‘एसएस’, दोन टिंबं आणि दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी एक लांबलचक ओळ. ती फोनमधल्या आउटलाइनमध्ये चिकटवली की झालं. आता ही ओळ नीट बघा. पहिला तुकडा, म्हणजे पासवर्डाचा, निदान अगम्य दिसतो. पण ‘ॲट’च्या खुणेपुढे सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट उघड्या अक्षरांत लिहिलेले असतात. उघड्या! सेन्सॉरला ना गुप्तहेर लागतो ना यंत्र. डोळे असले की पुरे.

आणि हीच ओळ आमच्या सद्गृहस्थांनी हजारभर लोकांच्या ग्रुपवर टाकली. खाली हृदयाचं चिन्ह आणि ‘इराणी भगिनींसाठी, जास्तीत जास्त शेअर करा’. इराणी भगिनी त्या मराठी ग्रुपवर किती होत्या? एकही नाही. ओळ मात्र पुढे-पुढे सरकत गेली आणि सर्व्हर अडवला गेला. किल्ल्या वेगळ्या असल्या तरी पत्ता सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे एक किल्ली फुटली की सगळी घरं अंधारात. नवा सर्व्हर उभा करायला दहा मिनिटं लागतात हो, पण नवी किल्ली पोचवायची कशी? जी वाट होती तीच तर तुम्ही बुजवलीत. मग एखादी मुलगी रात्री महागड्या आंतरराष्ट्रीय कॉलवर आपल्या आईला एकेक अक्षर सांगत बसते: मोठा क्यू, लहान एल, नाही, एक नव्हे, एल, आता आठ. एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. आणि हा फोन कोण ऐकतंय याचा विचार करत करत. टॉरवाले आपल्या पुलांचे पत्ते एका वेळी दोन-तीनच का देतात, ईमेल केली तरी जीमेल किंवा राइझअप या ईमेल सेवांच्याच खात्यावरून का मागतात, टेलिग्रामवर बॉट का ठेवतात, हे कधी डोक्यात आलं? यादी कुणालाही सबंध मिळू नये म्हणून. तुम्ही ती फुकटात पूर्ण करून देता!

वर विचारलं तर उत्तर तयार: ‘माझा हेतू चांगला होता.’ असेल. तुमच्या हेतूने त्या आईला मुलीचा आवाज ऐकू येत नाही. तुम्हाला मदत करायची नव्हती, मदत करताना दिसायचं होतं. सत्तर लोकांनी अंगठा दाखवला, तुमची संध्याकाळ छान गेली. तिकडे पकडलं गेलं तर ते तुमचं पोर नव्हतं.

किल्ली ज्याची त्यालाच द्यायची, एकट्याला, सिग्नलवर, संदेश आपोआप पुसला जाईल अशी वेळ लावून. दोन सर्व्हर वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवायचे, आणि दुसऱ्याची किल्ली पहिला चालू असतानाच पोचवून ठेवायची, वापरायची मात्र नाही. एवढं साधं आहे.

यातलं काहीच झेपत नसेल आणि तरी हात शिवशिवत असतील, तर स्नोफ्लेक चालवा. टॉर प्रकल्पाचं एक्स्टेंशन आहे, फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये दोन मिनिटांत बसतं. चिन्ह हिरवं झालं की कुणीतरी तुमच्या जोडणीतून बाहेर पडतंय असं समजा. पाहणाऱ्याला ते व्हिडिओ कॉलसारखं दिसतं. तुमच्या पत्त्यावरून कुणी थेट साइट उघडत नाही, वाहतूक पुढे टॉरच्या जाळ्यात जाते, त्यामुळे कुणी काय पाहिलं याचा जाब तुमच्याकडे यायचा संबंध नाही. कोथरूडच्या फायबरवर दिवसभर पडून असलेला वेग आहे, तो तरी कामी येईल. वाटायला किल्ली नाही, फोडायला पत्ता नाही. तुमच्यासारख्यांसाठीच बनवल्यासारखं आहे.

आणि सुरू केलंत तर त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. त्याने कुणाचं नुकसान होणार नाही, पण निदान सवय तरी मोडेल.