भीती वाटते, पण सुब्जोंक्तिफमध्ये

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, फ्रेंच शिकणं हा सध्या पुण्यातल्या आयटीवाल्यांचा जोडधंदा झालाय. लिहिणं, वाचणं, बोलणं, ऐकणं, चारही ठिकाणी एनसीएलसी 7 (फ्रेंच मोजायच्या कॅनडाच्या पट्टीवरची सातवी पायरी) काढा, इंग्रजी बरं असू द्या, की 50 पॉइंट वरचे, असं कुणीतरी कँटीनमध्ये सांगतं आणि आपण रात्री जेवण आटपून लॅपटॉपसमोर हजर. सुरुवातीला मजा येते, बोंझूर काय, मेर्सी काय, सोसायटीतल्या काकू "बोलून दाखव की जरा" म्हणतात. मग सुब्जोंक्तिफ पासे, म्हणजे भावना, शंका, इच्छा असल्या गोष्टींसाठीच्या क्रियापदाचा भूतकाळ, येतो आणि काकू दिसल्या की लिफ्ट सोडून जिन्याने जावं लागतं.

म्हणजे बघा, एखादी गोष्ट झाली एवढंच सांगायचं असेल तर साधा भूतकाळ चालतो, काही तक्रार नाही. पण त्या झालेल्या गोष्टीचा तुम्हाला आनंद झाला, वाईट वाटलं, शंका आली, राग आला, थोडक्यात तुम्हाला काळीज आहे असं दिसलं, की लगेच क्रियापद बदला! बरं, त्यातही सरसकट नाही. इच्छा धरलीत तर सुब्जोंक्तिफ, आशा ठेवलीत तर नाही. "मला वाटतं" म्हणालात तर सुटलात, "मला वाटत नाही" म्हणालात तर सापडलात. "आधी"साठी लागतो, "नंतर"साठी लागत नाही, पण खुद्द फ्रेंच लोकच "नंतर"लाही बिनधास्त लावतात आणि तिकडचे व्याकरणवाले त्यावरून वर्षानुवर्षं डोकं आपटतात. त्यांचीच पोरं त्यांचं ऐकत नाहीत आणि आम्हाला मात्र मार्क कापतात.

आता एक साधं वाक्य घ्या. ती पडली असेल अशी भीती वाटते. आपण मराठीत "असेल" म्हणून मोकळे, फार काळजी असेल तर "पडली बिडली असेल". फ्रेंचमध्ये आधी भीती ओळखायची, भीती म्हणजे सुब्जोंक्तिफ. मग पडण्याला सहाय्यक क्रियापद कोण, आव्वार (जवळ असणं) की एत्र (असणं)? ये-जा, चढणं-उतरणं, पडणं वगैरे मोजक्या मंडळींना एत्र लागतो, म्हणून एत्र. (जन्माला येणं एत्र, मरणं एत्र, आणि मधलं सगळं जगणं मात्र आव्वार, हे कुणी ठरवलं असेल त्याला माझा दंडवत.) मग एत्रचं रूप, स्वा. मग पडण्याचं तोंबे. मग ती बाई आहे म्हणून शेवटी एक जास्तीचा ई, जो लिहायचा पण उच्चारायचा नाही. एवढं होईपर्यंत ती बिचारी उठून, कपडे झटकून, रिक्षा करून घरी पोचलेली असते.

आणि उतरणं एत्रने होतं म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्ही स्वतः खाली उतरलात तर एत्र, हातातली बॅग खाली उतरवलीत तर त्याच क्रियापदाला आव्वार. विमानतळावर सामानासकट उतरणाऱ्याने काय करायचं?

आव्वारची सुब्जोंक्तिफमधली रूपं तर ऐकण्यासारखी आहेत. मी, तू, तो, ते, चौघांची स्पेलिंग वेगळी आणि उच्चार चौघांचा एकच, "ए". पाठांतर करताना मी अर्धा तास "ए, ए, ए, ए" करत होतो, आई आतून दोनदा बाहेर येऊन गेली, "काय रे, कशाला हाका मारतोयस?" तिला म्हटलं, अभ्यास करतोय. ती बायकोकडे बघून गप्प बसली. बायको याच क्लासला आहे, पण ती पाठ करताना ओठसुद्धा हलवत नाही आणि मार्क माझ्यापेक्षा जास्त पाडते, तो वेगळा विषय.

एका ठिकाणी मात्र मला वाटलं होतं की आपण मराठी लोक बाजी मारणार. लाडू खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले, कर्माप्रमाणे क्रियापद फिरवणं आपल्याला आईच्या दुधातून मिळालेलं आहे. फ्रेंचमध्येही आव्वारसोबत कर्म बघून शेपटी लावतात, पण कधी, तर कर्म आधी आलं तरच! "मी लिहिलेल्या चिठ्ठ्या" म्हटलं की शेपटी, "मी चिठ्ठ्या लिहिल्या" म्हटलं की नाही. हा नियम 16व्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनवरून आणला म्हणतात. कवी माणूस, कविता करायच्या, हे उद्योग कुणी सांगितले होते?

तरी आमचं नशीब थोर म्हणायचं, कारण सुब्जोंक्तिफ पासेचे दोन थोरले भाऊ आहेत. सुब्जोंक्तिफचा आँपार्फे आणि त्याच्याही पलीकडचा प्ल्यूस-क-पार्फे. जुन्या पुस्तकात कुठे "आम्ही खून करावा" अशा अर्थाचं "आसासिनासियों" भेटलं की वाटतं टाइप करताना कुणाची तरी मांजर कीबोर्डवरून गेली. ही रूपं आता बोलण्यातून गेली, आणि 28 डिसेंबर 1976ला तिकडच्या शिक्षण खात्याने चक्क जीआर काढला की परीक्षेत त्यांच्याऐवजी साधा सुब्जोंक्तिफ आणि हा आमचा पासे चालवून घ्या. सरकारी कागदाने माणसाचं एवढं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

परवा क्लासमध्ये मॅडम तासभर हे सगळं समजावून थकल्या, आमच्या कॅमेऱ्यातल्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि उसासा टाकून म्हणाल्या, "ज न पाँस पा क वू झेये कोंप्री." वाटत नाही, म्हणजे नकार, म्हणून सुब्जोंक्तिफ, समजण्याला आव्वार, म्हणून एये, मागे कोंप्री, सगळं एका दमात लागलं. तुम्हाला काही समजलंय असं मला वाटत नाही, असं त्या म्हणत होत्या, आणि मला ते अक्षर न् अक्षर समजलं होतं. मी म्यूट काढून आनंदाने "वी मादाम, वी!" असं ओरडलो. बायकोने शेजारच्या खोलीतून व्हॉट्सॅप केला, "गप्प बस."