डिफेनबेकिया उपटून टाकू नका: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘या झाडाचं पान खाल्लं तर लहान मूल मिनिटभरात आणि मोठा माणूस पंधरा मिनिटांत दगावतो’ असा मेसेज डिफेनबेकिया या कुंडीतल्या शोभेच्या झाडाच्या फोटोसह पुन्हा फिरतोय. हे खरं नाही.

झाड त्रासदायक मात्र आहे. त्याच्या पानाखोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत, गालांत घुसतात. लगेच आग होते, ओठ-जीभ सुजते, लाळ गळते. आग इतकी झटकन होते की दुसरा घास सहसा कोणी घेत नाही. विषबाधेच्या वैद्यकीय नोंदींत बहुतेकांचा त्रास तोंडापुरताच राहून बरा झालेला दिसतो. मनी प्लांट आणि मॉन्स्टेरातही हेच स्फटिक असतात.

मुलाने पान चावलंच तर तोंड पुसून चूळ भरायला लावा, थंड पाणी द्या, उलटी करवू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला तर थेट दवाखाना गाठा. छाटणी हातमोजे घालूनच करा, चीक डोळ्यात गेला तर फार झोंबतो. रांगती मुलं आणि मांजरं असतील तिथे कुंडी उंचावर ठेवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ग्रुपवर आलाच तर ही माहिती द्या.