शिडाची होडी: वाऱ्याचं ऐकलं, पाण्याचं कोण सांगणार?

होड्यांबद्दलचा एक मजकूर फॉरवर्ड होत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वारा शिडाला मागून ढकलतो म्हणून होडी चालते, म्हणून ती वाऱ्याविरुद्ध जात नाही, वाऱ्यापेक्षा जोरात तर नाहीच, आणि वारा पडलाच तर होडीवर मोठा पंखा बसवून शिडात हवा सोडावी.

ढकलण्याची गोष्ट वारा पाठीवर असेल तेव्हा खरी. तो बाजूने किंवा पुढून तिरपा आला की शीड त्याला अडवत नाही, वळवतं, आणि त्या वळवण्याचा उलटा जोर शिडावर येतो. शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात ते याचसाठी. वारा ज्या अंगाला थेट लागत नाही, तिकडचा धागा गरगरायला लागला की हवेचा प्रवाह शिडापासून सुटला, शीड जरा सैल सोडा. नुसतं ढकलणंच असतं तर त्या धाग्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

‘वाऱ्याविरुद्ध जात नाही.’ अगदी नाकासमोर नाही, हे कबूल. पण वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन धरून, नागमोडी टप्पे घेत वाऱ्याच्या दिशेने चढत जाणं होड्यांना नित्याचंच आहे. खरी गोम अशी की अख्ख्या मजकुरात पाण्याचं नावच नाही. अशा वेळी शिडावरचा जोर होडीला पुढे कमी, आडवंच जास्त लोटतो. तो आडवा जोर तळाखालची कील, म्हणजे पाण्यात उतरलेलं उभं पातं, पेलते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट, त्यामुळे भल्यामोठ्या शिडाला छोटीशी कील पुरते. तरी होडी काही अंश तिरपी सरकतेच, आणि सरकायलाच हवी; त्या तिरप्या चालीमुळेच कील पाणी वळवते आणि उलटा जोर मिळवते. लहान होडीत कीलचं काम करणारी सरकती फळी वर ओढून बघा. वारा तोच, शीड तेच, आणि होडी खेकड्यासारखी आडवी.

वेगाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. वारा ठीक मागून असला तर होडी त्याच्या वेगाजवळ पोचता पोचता शिडाला लागणारा वाराच संपतो. आडवं जाताना उलटं घडतं. 10 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वाऱ्याला काटकोनात होडी 10 नॉटने गेली, तर तिच्या स्वतःच्या चालीने लागणारा वारा त्यात मिळून शिडाला सुमारे 14 नॉटचा वारा लागतो. 2012 मध्ये नामिबियात पॉल लार्सन यांनी ‘व्हेस्टास सेलरॉकेट 2’ ही होडी 500 मीटरवर सरासरी 65.45 नॉटने, म्हणजे ताशी 121 किलोमीटरने नेली. वाऱ्याचा वेग तेव्हा याच्या निम्माही नव्हता.

राहिला पंखा. हवा पुढे फेकताना तो होडीला मागे रेटतो, शीड तीच हवा अडवून पुढे. हिशेब जवळजवळ शून्य. शिडाने हवा मागे परतवली तर होडी हलेल, पण रडतखडत. त्यापेक्षा पंख्याचं तोंड सरळ मागे करा, दलदलीतल्या एअरबोटी तशाच चालतात. शीड मात्र उतरवून ठेवा.