बाथरूमचं सिलिकॉन आणि मामाची होडी

परवा रात्री साडेअकराला मामाने एक फॉरवर्ड पाठवला, वर स्वतःची ओळ: "हे वाच. मला फुकट खर्चात पाडत होतास."

मामाची होडी सध्या अंजर्ल्याच्या खाडीत शाकारलेली आहे. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, बुडाची कामं उरकायची ती याच दिवसांत. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारं, बुडातून आरपार जाणारं थ्रू-हल फिटिंग गेल्या हंगामात झिरपत होतं. ते काढून नवं बसवू, असं मी म्हटलं होतं. मेसेजच्या मते हे अर्ध्या तासाचं काम. बाथरूमचं सिलिकॉन लावा, जुना सीलंट (फट बुजवणारा लेप) खरवडत बसू नका, फिटिंगवरचा पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह हार्डवेअरच्या दुकानातला पितळी चालतो, जोर लावून आवळा, लगेच पाण्यात सोडा, थोडं झिरपलं तर पंप आहेच. शेवटी "100% अनुभव" आणि तीन नमस्कार. अकरा वर्षं यार्डात मी हीच भोकं बुजवतोय, तेव्हा झोप गेली ती गेलीच.

सिलिकॉन पाणी अडवतं, खोटं नाही. पण त्याची पकड कमजोर, आणि काढल्यावर जो तेलकट थर मागे राहतो त्यावर ना रंग धरत ना दुसरा सीलंट. खिडकीच्या काचेला लावा, बुडाला नको. जुन्यावर नवं थापायच्या सल्ल्याबद्दल काय बोलायचं? शेवाळावर गिलावा करण्यातला प्रकार. शिवाय मामाची होडी लाकडावर फायबर चढवलेली. भोकाच्या कडेला उघडं लाकूड दिसतं, ते आधी वाळवून इपॉक्सीने बंद केलं नाही तर आतल्या आत पाणी पीत कुजतं. हे मेसेजात नाहीच.

आता पितळ. माझं डोकं फिरलं ते इथे. दुकानातल्या नळाच्या पितळात साधारण 40 टक्के जस्त असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याची भुसभुशीत जाळी उरते. बाहेरून काही कळत नाही, आकार तोच, आटे तेच. मागच्या वर्षी एका होडीचा असाच पितळी एल्बो (काटकोनी जोड) काढला, त्यावर कानस दोनदा फिरवली. पिवळं निघायला हवं होतं, निघालं गुलाबी. पान्याची टोचणी दिली तर कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तुटून हातात आली. त्या होडीवर सहा माणसं जात होती.

अमेरिकेत बोटींची मानकं ठरवणाऱ्या एबीवायसी संस्थेचं एच-27 हे मानक याच फिटिंगांसाठी आहे. व्हॉल्व्ह बसवल्यावर त्याच्या आतल्या टोकावर 227 किलोचा भार 30 सेकंद दिला तरी काही तुटता कामा नये, अशी त्यात अट आहे. आपल्याकडे एवढा भार कोण देणार, असं वाटेल. मामाचा खलाशी इंजिनपाशी उतरताना पाय कुठे ठेवतो ते बघा. त्याच व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह गनमेटलचा घ्या, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा. त्यात जस्त पाचेक टक्केच, महाग आहे, मान्य.

"लगेच पाण्यात सोडा" यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. बुडाला लावायचा पॉलियुरेथेन सीलंट ओलाव्यानेच पक्का होतो. पण चिकटायला त्याला कोरडी, स्वच्छ जागा लागते. ओल्या भोकात तो नुसता बसून राहतो. 3एम कंपनीच्या 5200 सारखा सीलंट पूर्ण पक्का व्हायला पाच ते सात दिवस घेतो. (आणि पुढे काढायचा झाला तर छिन्नी लागते, म्हणून मी तो उठसूट वापरत नाही.)

जोर लावून आवळणं: एकाने बाहेरून फिटिंगच्या आतल्या खाचांत लोखंडी पट्टी अडकवून ते धरायचं, दुसऱ्याने आतून नट फिरवायचा. कडेने सगळीकडे सारखा सीलंट बाहेर आला की थांबायचं. पाइप पान्याने पिळलंत तर फिटिंगच गरगरतं आणि सगळा सीलंट बाहेर. दुसऱ्या दिवशी "जरा अजून एक पीळ" देणारेही असतात, ते अर्धवट धरलेली पकड सोडवून ठेवतात.

राहिला पंप. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला साधारण 140 लिटर पाणी आत येतं. खोक्यावर "तासाला 4,000 लिटर" लिहिलेला पंप मिनिटाला 67 लिटर काढतो, तेही पाणी वर चढवायचं नसेल आणि बॅटरी भरलेली असेल तर. गणित मामालाही येतं. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी मऊ लाकडाचा निमुळता खुंटा दोरीने बांधून ठेवा, तो पंपापेक्षा आधी कामाला येईल.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "रविवारी ये. येताना गनमेटलचा घेऊन ये, पैसे इथे देतो." आणि थोडं थांबून: "तो मेसेज मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय रे. आता डिलीट होत नाही."