६४ चं कार्ड ५९ काहून दाखवते : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि जरा तापूनच लिहिलेली आहे, त्यामुळे उत्तरही लांबून राहिलं, सांभाळून घ्या. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की ६४ जीबीचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं की ५९ च्या आसपास दिसते, त्यात कंपनीनं काही खाल्लेलं नाही. त्यावर सरांचं म्हणणं असं, की १ केबी म्हणजे १०२४ बाइट (बाइट म्हणजे मेमरी मोजायचं लहान माप) हे ते क्लासमध्ये कायम शिकवत आले, हजाराचा हिशोब ही कंपन्यांची चलाखी आहे, मी दुकानदार म्हणून कंपनीची बाजू घेतो, आणि मराठीचं एक अक्षर तीन बाइट घेते हे तर मी साफ खोटं लिहिलं.

दुकानदार आहे हे खरं. दर्यापुरात मोबाइल रिपेअरिंग आणि झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे, पण एका कार्डामागं सुटते किती हे एकदा येऊन बघा, म्हणजे कंपनीनं मला विकत घेतलं असं तरी वाटणार नाही. उलट शिव्या मलाच पडतात. गिऱ्हाईक कार्ड फोनमध्ये टाकते, बघते, आणि तिथंच उभं राहून म्हणते, "भाऊ, हे चार-साडेचार जीबी कुठं गेलं बापा, तुमीच काढून घेतलं का?" त्याला उत्तर द्यायचं म्हणूनच ती पोस्ट लिहिली होती.

आधी तुमच्या १०२४ चं बोलू. ते चूक आहे असं मी कुठंही म्हटलेलं नाही, परत वाचा. रॅम म्हणजे कॉम्प्युटर चालू असताना वापरते ती तात्पुरती मेमरी. तिची चिप बनवताना पत्त्याच्या, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणाऱ्या तारा असतात, प्रत्येक तारेवर एक तर करंट आहे नाही तर नाही, म्हणजे दोनच गोष्टी. एक तार वाढली की पत्ते दुप्पट होतात, दहा तारा झाल्या की १०२४. तिथं हजार बनवायचे म्हटलं तर २४ पत्ते उगाच वाया जातात. म्हणून रॅममध्ये १०२४ च चालते, अन् हजाराला जवळ पडते म्हणून जुन्या इंजिनीअर लोकांनी त्यालाच 'किलो' म्हणून टाकलं. बोलायला सोपं पडलं, वाद पुढच्या पिढीवर सोडला.

पण डिस्कचं तसं नाही ना सर. फिरत्या डिस्कमध्ये किती चकत्या बसवायच्या, चकतीवर किती गोल पट्टे काढायचे, याला दोनाच्या पटीचं काही बंधन नाही, जागा मिळाली तेवढं बसवा. आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली, रॅमॅक, तिची क्षमता ५० लाख कॅरेक्टर सांगितली जायची, सरळ दहाच्या हिशोबात. म्हणजे 'आत्ता आत्ता कंपन्यांनी हजार घुसवला' हे काही पटत नाही, डिस्कवाले पहिल्या दिवसापासून दहाच्याच हिशोबात मोजून राहिले, कार्डवाल्यांनीही तोच हिशोब उचलला.

आता गणित. पाकिटावरचे ६४ जीबी म्हणजे ६४०० कोटी बाइट. विंडोज ज्याला जीबी म्हणते ते आहे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. भागून पाहा, ५९.६ येते. खोटं वाटत असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथं कपॅसिटीच्या ओळीत जीबीच्या शेजारीच पूर्ण बाइटचा लांबलचक आकडा असते. तो वाचा, पाकिटाशी जुळते, थोडं इकडंतिकडं. आणि हा फरक मोठ्या मापात वाढत जाते हे तुम्ही बरोबर पकडलं, पण त्यात लबाडी नाही, केबीला २.४ टक्के, एमबीला ४.९, जीबीला ७.४, टीबीला जवळजवळ १०, कारण दर पायरीला तेच १.०२४ पुन्हा गुणलं जाते. म्हणून १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ दिसते अन् लोक हबकतात.

तुमच्या वयाच्या माणसाला तर हे चटकन समजायला पाहिजे, कारण आपल्या देशात हा घोळ एकदा होऊन गेला आहे. आधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे ६४ पैशांचा रुपया. १ एप्रिल १९५७ पासून १०० पैशांचा झाला. रुपया तोच, बाजारात त्याची किंमत तीच, पण नाव एकच आणि मापं दोन, एक चौसष्टावा भाग आणि एक शंभरावा. सरकारनं काय केलं, नव्याला 'नया पैसा' म्हटलं आणि नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असं छापूनच टाकलं, म्हणजे भांडण नको. जुनं माप वापरातून गेल्यावर १९६४ ला 'नया' काढून टाकला. कॉम्प्युटरवाल्यांनी पण १९९८ ला हेच करून पाहिलं, आयईसी नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १०२४ वाल्याला वेगळी नावं दिली, किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. म्हणजे विंडोजनं ५९.६ 'गिबीबाइट' लिहायला पाहिजे. पण विंडोज अजूनही जीबीच लिहिते. ॲपलनं मॅकमध्ये २००९ पासून हजाराचा हिशोब धरला, तिथं ६४ चं कार्ड ६४ च दिसते. मग सांगा, चूक कार्डवाल्याची की लेबल लावणाऱ्याची?

आणि तुम्ही काही एकटे नाही, अमेरिकेत याच मुद्द्यावर वेस्टर्न डिजिटलवर खटला झाला होता, २००६ ला तडजोड झाली आणि गिऱ्हाइकांना काय मिळालं तर एक फुकट बॅकअपचं सॉफ्टवेअर. त्या पाकिटावर लहान अक्षरात '१ जीबी = १०० कोटी बाइट' अशा अर्थाची ओळ असते ना, ती भिंग लावून वाचावी लागते, त्याबद्दल कंपन्यांना शिव्या द्या, मी पण देतो.

खरी चोरी कुठं आहे ते सांगतो, कारण तुम्ही साडेचार जीबीसाठी भांडून राहिले आणि इकडं लोकांचे शेकड्यानं जीबी जाऊन राहिले. बाजारात गाडीवर 'एक टीबी' छापलेलं कार्ड पाच-सहाशेत मिळते. आत चिप असते आठ नाही तर सोळा जीबीची, आणि कार्डातल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या भागाला, शिकवलेलं असते की कोणी विचारलं तर एक टीबी सांग. फोन बिचारा विचारते, कार्ड सांगते, फोन मानते. पहिले आठ-सोळा जीबी भरेपर्यंत सगळं छान. त्यानंतर लिहिलेलं एक तर हवेत जाते नाही तर फिरून जुन्याच जागी लिहिलं जाते, आणि फाइलची नावं मात्र यादीत दिसत राहतात, साइज पण दिसते. एक पोरगा बहिणीच्या लग्नाचे फोटो घेऊन आला होता असल्या कार्डात, हळदीचे सगळे उघडले, लग्नाचे अर्धे करड्या पट्ट्या, वरातीचा व्हिडिओ उघडतच नाही. त्यात माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, जे लिहिलंच गेलं नाही ते रिकव्हर कुठून करणार. म्हणून नवीन कार्ड घेतलं की एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर एफथ्री आहे, ते चालवा. ते अख्खं कार्ड भरते आणि परत वाचून ताडून पाहते. वेळ खाते, रात्री लावून झोपा. नुसता प्रॉपर्टीजमधला आकडा पाहून नकली कार्ड ओळखू येत नाही, तिथं तर ते बरोबरच दाखवणार.

आता मराठी अक्षर. 'एक अक्षर एक बाइट' हे इंग्रजीपुरतं खरं आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या खुणांना नंबर देणारी यादी, तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे, आणि ते नंबर फाइलमध्ये लिहायची जी यूटीएफ-८ नावाची पद्धत आहे तिच्यात त्यातली प्रत्येक खूण तीन बाइट घेते. आणि अक्षर म्हणजे डोळ्याला दिसते ते नाही. 'दर्यापूर' लिहा. दिसायला चार अक्षरं, कॉम्प्युटरला आठ खुणा : द, र, हलन्त, य, काना, प, दीर्घ उकार, र. आठ त्रिक चोवीस. नोटपॅडमध्ये एवढाच शब्द लिहून सेव्ह करा, २४ बाइट दिसतील. जुन्या विंडोजवर २७ दिसले तर घाबरू नका, जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये सुरुवातीला तीन बाइटची एक खूण स्वतःच टाकत होतं. एसएमएसचं पण तसंच आहे, मेसेजमध्ये जागा १४० बाइटची, एका बाइटात आठ बिट, इंग्रजी सात बिटांत बसवलं की १६० अक्षरं, आणि एकही मराठी अक्षर आलं की प्रत्येक खूण सोळा बिटांची, म्हणजे फक्त ७०. म्हणूनच मराठी मेसेज तुकड्या-तुकड्यात जातात.

तुम्ही म्हणता आम्ही कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो, तिथं तर एकच बाइट लागते. लागते ना! कारण तिथं मराठी नाहीच आहे सर. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये जाते ई, जे, के, कॅपिटल बी, एच. फॉन्ट त्यावर नुसतं मराठीचं चित्र चढवते. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथं तुमचा अर्ज उघडला की इंग्रजी कचरा. दुकानात आठवड्यातून कोणी ना कोणी असा अर्ज घेऊन येतेच, "भाऊ व्हायरस आला" म्हणून. व्हायरस काही नाही, दोन बाइट वाचवायला गेलो त्याचा हा हिशोब आहे.

परीक्षेत काय लिहायचं असं पोट्ट्यांच्या वतीनं विचारलं, तर जे पुस्तकात आहे ते लिहू द्या, १०२४ च लिहा, मार्क कापून घेऊ नका. कार्ड घेताना हजार धरा.

राहिला इंटरनेटवाला प्रश्न, की १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आणि डाउनलोड बाराच्या वर सरकत नाही. ते बिट आहेत सर, बाइट नाही. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला आठानं भागा, साडेबारा. बारा येऊन राहिलं असेल तर कनेक्शन चांगलं आहे, तक्रार करू नका.