गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर झोपलाय का?

चाकणला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसून दिवसभर स्क्रीनवरचे ठिपके बघणं हे माझं काम. हिरवा म्हणजे गाडी पळतेय, लाल म्हणजे उभी. ऐंशीच्या वर गेली की अलर्ट येतो आणि मी ड्रायव्हरला फोन लावतो. चालत्या गाडीत! ही आमची सुरक्षितता.

परवा बंगळूरच्या गाडीचा ठिपका सकाळी दहापासून लाल. मधूनच दोन मिनिटं हिरवा, की पुन्हा लाल. रिपोर्टमध्ये ही 'विश्रांती'. प्रत्यक्षात ड्रायव्हर काका कंपनीच्या गेटवर, लोडिंगच्या रांगेत. डोळा लागला आणि नंबर गेला तर पुन्हा शेवटी. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात पडली रात्री साडेआठला. पुढे साडेआठशे किलोमीटर, आणि माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचला नाही तर पेनल्टी. काका म्हणाले, "साहेब, झोपायचं कुठं ते पण नकाशात बघून सांगा."

कायदा होता, 1961 चा, मोटार वाहतूक कामगारांसाठी. नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. जुन्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. लांबच्या पल्ल्याला फार तर 10 तास. पण आमच्या सॉफ्टवेअरला तास कळतात ते चाकांचे, माणसाचे नाही. युरोपातल्या ट्रकमध्ये टॅकोग्राफ असतो, ड्रायव्हरच्या कामाची आणि विश्रांतीची नोंद ठेवणारं यंत्र. त्यात झोपेला पलंगाची खूण आणि इतर कामाला हातोड्यांची, म्हणजे उभ्या गाडीतलं कामही कामच धरतात. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं.

वेगाचंही तेच. पुण्यातल्या नवले पुलावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या. इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतार उतरत होता, असं तपासात निघालं. वेगाला लगाम घालणारा स्पीड गव्हर्नर इंजिनाचं डिझेल तोडतो. इंजिनच बंद असेल तर तो काय तोडणार? आणि ड्रायव्हर न्यूट्रल का टाकतो? ट्रिपचं डिझेल बांधून दिलेलं असतं, वाचेल ते त्याचं. ही सवय आपणच लावलीय. कॅमेरे लावा, दंड करा, माझी ना नाही. पण गेटवर दहा तास बसवणाऱ्याला एकदा तरी चलान गेलंय का?

काल शेठना म्हटलं, गेटवरचे तास ड्युटीत धरू. "धर की," म्हणाले, "पार्टीला तेवढं तूच सांग."

त्या कंपनीला अजून सांगितलेलं नाही. फोन हातात घेतो आणि ठेवतो.