कुकरला प्लग कोणता?

मामेसासऱ्यांना टीव्हीसमोरून उठवण्याची कोणतीही रीत आपल्याकडे नाही, हे मला गेल्या रविवारी दुपारी नीट कळले. ते भाचीला लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. पत्रिका देऊन झाली होती, चहा झाला होता, एक पाय चपलेत गेलाही होता आणि तेवढ्यात माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहून त्यांनी विचारले, "काय लावताय, जावईबापू?"

मी पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' लावत होतो. 2024 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तब्बल 30 वर्षांनी भारतीय चित्रपट पोहोचला आणि ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार घेऊन परतला, तो हा. त्याच नोव्हेंबरात तो आमच्या भागातल्या चित्रपटगृहात लागला, तेव्हा त्याचा दिवसाला एकच खेळ होता, तोही रात्री पावणेअकराचा, आणि मी "पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ" असे म्हणेपर्यंत शुक्रवार उजाडून तो गेलाही होता. या दोन तासांची मी तेव्हापासून वाट पाहत होतो. मामांनी नाव ऐकले, त्यातला 'लाइट' तेवढा उचलला, चपलेतला पाय बाहेर काढला आणि ते पुन्हा सोफ्यावर बसले. मामा वीज खात्यातून निवृत्त झालेले आहेत.

चित्रपटातले बरेचसे संवाद मल्याळम असल्यामुळे आणि मामांचा वाचायचा चष्मा त्यांच्या घरी राहिल्यामुळे पहिला अर्धा तास मी खालची इंग्रजी अक्षरे मराठीत मोठ्याने सांगत होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती कुकरपाशी. प्रभा ही मुंबईतल्या रुग्णालयातली परिचारिका. लग्न होऊन तिचा नवरा जर्मनीला निघून गेला आहे आणि आता त्याचा फोनही येत नाही. अशात एक दिवस पार्सल येते. चिठ्ठी नाही, नाव नाही. आत लालभडक, जर्मनीत तयार झालेला, भात शिजवायचा विजेचा कुकर. रात्री सगळे निजल्यावर ती बाई त्या कुकरला कवटाळून बसते. एक शब्दही न बोलता कनी कुसृतीने या दृश्यात जे केले आहे, ते पाहून माझ्या घशाशी आवंढा आला होता.

"थांबवा," मामा म्हणाले.

मला वाटले, त्यांनाही भरून आले. मी थांबवले.

"प्लग दाखवा."

"कसला प्लग?"

"कुकरचा. जर्मनीचा माल आहे ना? व्होल्टेजचा प्रश्न नाही, तिकडेही 230 आणि आपल्याकडेही 230. पण त्यांचा प्लग दोन पिनांचा असतो, आपला तीन पिनांचा. आपल्या सॉकेटला त्यांचे अर्थिंग मिळत नाही. ही बाई उद्या त्यात भात लावणार आणि ओल्या हाताने झाकण उघडणार."

"मामा, ती भात लावणार नाही. तिला नवऱ्याची आठवण येतेय."

"आठवण येऊ दे हो. पण इतक्या लांबून वस्तू पाठवायची आणि सोबत ॲडॉप्टर नाही? तिथेच कळले, माणूस बेजबाबदार आहे."

यातले शेवटचे वाक्य समीक्षा म्हणून अगदी अचूक आहे, हे मला दोन दिवसांनी उमगले आणि त्याने माझा राग आणखी वाढला.

पुढे छाया कदम आल्या. मामांनी 'लापता लेडीज'मधली स्टेशनावरची चहावाली तत्काळ ओळखली आणि ते सरसावून बसले. इथे त्या पार्वती झाल्या आहेत. नवरा वारलेला, खोलीचा एकही कागद हाताशी नाही आणि बिल्डर तिला घराबाहेर काढतो आहे. "वीजबिल असेल ना तिच्याकडे?" मामांनी विचारले. नसावे, असे मी म्हणालो. पुन्हा चित्रपट थांबला. वीजबिल हा राहण्याचा पुरावा कसा धरतात, मीटर सासऱ्याच्या नावावर राहिला तर काय होते आणि एका विधवा बाईचे मीटर त्यांनी स्वतः खेटे घालून तिच्या नावावर कसे करून दिले, याची हकिकत वीस मिनिटे चालली. आमची ही, जी एरवी माझ्या चित्रपटांच्या वेळी स्वयंपाकघरातून हलत नाही, तीसुद्धा हातातली भाजी ठेवून ऐकायला येऊन बसली. पार्वती पडद्यावर तोंड अर्धवट उघडे ठेवून ताटकळत होती.

2024 साली ऑस्करसाठी भारताने 'लापता लेडीज' पाठवला, हा नाही. हा पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहतोय असे निवड समितीला वाटले, अशी त्यामागची कारणमीमांसा तेव्हा गाजली होती. समितीत मामा हवे होते. त्यांना या चित्रपटात प्लग सोडला तर काहीही युरोपीय आढळले नाही.

दोन तासांचा चित्रपट सव्वातीन तासांनी संपला. शेवटी समुद्रकाठच्या टपरीवरची रोषणाई पाहून "याला कमर्शियल मीटर लागेल" एवढेच ते बोलले. हिने विचारले, "कसा होता पिक्चर?" प्रश्न मामांना होता. "चांगला होता. कुकरचे तेवढे अर्धवट सोडले." संध्याकाळी हेच मत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर झळकले आणि त्याला टाळ्या पडल्या. सोमवारपासून तीन नातेवाइकांनी मला फोन करून तो 'कुकरचा पिक्चर' कुठे पाहायला मिळेल, असे विचारले. एकानेही, तुम्हाला तो कसा वाटला, असे विचारले नाही. माझे मत तयार होते. पावसाळी मुंबईचा तो निळा रंग, लोकलमधले थकलेले चेहरे, रत्नागिरीला गेल्यावर मोकळा होणारा श्वास, यावर मी सलग दहा मिनिटे बोलू शकलो असतो. पण आपल्याकडे चित्रपटाबद्दल "एकदा बघायला हरकत नाही" याहून लांब वाक्य ऐकायची कोणाची तयारी नसते. अर्थिंगबद्दल मात्र लोक वीस मिनिटे ऐकतात.

काल रात्री घर निजल्यावर, आवाज बंद ठेवून, मी तो पुन्हा एकट्याने पाहिला. कुकरचे दृश्य आले. प्रभाने त्याला जवळ ओढले आणि मी सोफ्यावरून उठून, टीव्हीला नाक लावून, वायरीचे टोक शोधू लागलो.